टाळ्या वाजवणारं न्यायालय

न्यायाधीश आत आले की सगळे उठून उभे राहतात, इथपर्यंत सारं ओळखीचं. त्यानंतर अमेरिकेतल्या एखाद्या 'ड्रग कोर्टा'त जे चालतं ते पाहून आपल्याकडचा मुरलेला फौजदारी वकील डोक्याला हात लावील. पहिलं नाव पुकारलं जातं. आरोपी पुढे येतो, वकील बाजूला थांबतो, आणि न्यायाधीश थेट आरोपीशीच बोलायला लागतात. नवी नोकरी कशी चाललीय? आईचं ऑपरेशन झालं का? मग समोरचा कागद बघून सांगतात, की सलग साठ दिवस लघवीची तपासणी स्वच्छ आली आहे. सरकारी वकील टाळ्या वाजवतो. बाकांवर आपल्या पाळीची वाट बघत बसलेले इतर आरोपी टाळ्या वाजवतात. दाराशी उभा असलेला पोलीससुद्धा वाजवतो. दुसरं नाव एका बाईचं. तिनं दोन उपचारसत्रं बुडवली आहेत आणि विचारल्यावर थाप मारली आहे. तिला दोन दिवस कोठडी. बेड्या तिथेच, सगळ्यांसमोर पडतात. मग तिसरं नाव.

हे दृश्य कुठल्या एका शहरातलं नाही. थोड्याफार फरकानं ते अमेरिकेभर रोज घडतं. व्यसनी आरोपींना तुरुंगाऐवजी उपचाराच्या वाटेला लावणारी आणि त्या वाटेवर स्वतः सोबत चालणारी अशी चार हजारांहून जास्त न्यायालयं आज त्या देशात आहेत. सगळ्यांचं मूळ एकाच शहरात सापडतं.

ते शहर म्हणजे मायामी. १९८० च्या दशकात दक्षिण अमेरिकेतून निघालेलं कोकेन फ्लोरिडाच्या किनाऱ्याला लागे, आणि त्याच्यापासून केलेले 'क्रॅक'चे स्वस्त खडे गल्लोगल्ली विकले जात. वॉशिंग्टननं यावर कायद्याचा सोटा उगारला. १९८६ च्या केंद्रीय कायद्यानुसार अवघ्या ५ ग्रॅम क्रॅकसाठी किमान पाच वर्षांची शिक्षा ठरली. तेवढीच शिक्षा साध्या कोकेनच्या भुकटीसाठी व्हायला ५०० ग्रॅम लागत. द्रव्य तेच, फक्त रूप वेगळं. पण क्रॅकसाठी पकडले जाणारे बहुतांशी गरीब आणि कृष्णवर्णीय होते. हे शंभरास एक प्रमाण बदलून अठरास एक व्हायला २०१० साल उजाडावं लागलं.

सोट्याचा परिणाम ठरलेला होता. तुरुंग ओसंडून वाहू लागले. माणूस आत जाई, बाहेर येई, पहिल्याच आठवड्यात जुन्या कोपऱ्यावर जाऊन उभा राही आणि परत आत. वैतागलेल्या मायामीच्या न्यायालयानं हर्बर्ट क्लाइन या न्यायाधीशांना यातून मार्ग शोधायला सांगितलं. १९८९ मध्ये तिथे देशातलं पहिलं ड्रग कोर्ट सुरू झालं आणि स्टॅन्ली गोल्डस्टीन त्याचे पहिले न्यायाधीश झाले. त्या वेळी तिथल्या प्रमुख सरकारी वकील होत्या जॅनेट रीनो. त्यांनी योजनेला पाठबळ दिलं. पुढे १९९३ मध्ये त्या देशाच्या ॲटर्नी जनरल झाल्या आणि १९९४ च्या गुन्हेगारी कायद्यात अशा न्यायालयांसाठी केंद्राच्या पैशाची तरतूद झाली. मायामीचा हा खटाटोप तसा ओबडधोबडच होता. तिथे आरोपींच्या कानात ॲक्युपंक्चरच्या सुयासुद्धा टोचत. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या लिंकन हॉस्पिटलकडून त्यांनी ही कल्पना उचलली होती. कोकेनच्या व्यसनावर त्या सुयांचा उपयोग होत नाही, असं पुढे एका मोठ्या चाचणीत दिसून आलं. सुया मागे पडल्या. न्यायाधीशानं आरोपीला पुन्हा पुन्हा समोर बोलावणं मात्र टिकलं, आणि आज ड्रग कोर्ट म्हणतात ते मुख्यतः हेच.

बोलावणं म्हणजे नेमकं काय, हे जरा सावकाश बघण्यासारखं आहे.

योजनेत येणाऱ्याला आधी एक सौदा मान्य करावा लागतो. काही ठिकाणी खटला तात्पुरता थांबवला जातो. बऱ्याच ठिकाणी आरोपीला आधी गुन्हा कबूल करावा लागतो आणि शिक्षा लांबणीवर टाकली जाते. मग साधारण वर्ष-दीड वर्षाचा कार्यक्रम सुरू होतो. त्याचे चार-पाच टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला न्यायालयात हजेरी, आठवड्यातून किमान दोनदा लघवीची तपासणी, समुपदेशन, गटबैठका. पुढच्या टप्प्यांत हजेरी विरळ होत जाते आणि नोकरी, शिक्षण, घर यांकडे लक्ष वळतं. शेवटी पदवीदान. हो, त्याला 'ग्रॅज्युएशन'च म्हणतात. प्रमाणपत्र मिळतं, घरचे लोक येतात, आणि गुन्हा रद्द होतो किंवा शिक्षा माफ होते.

तपासणीचा दिवस आधी कळला तर चुकवायची वाटही सापडते. म्हणून अनेक न्यायालयांत प्रत्येकाला एक रंग नेमून दिलेला असतो. रोज सकाळी ठरावीक नंबरवर फोन करायचा आणि ध्वनिमुद्रित आवाज कोणता रंग सांगतो ते ऐकायचं. 'आज निळा' असं ऐकू आलं आणि आपला रंग निळा असला, की त्या दिवशी तपासणीला हजर. शनिवार असो, नाताळ असो. मुंबईच्या लोकलच्या वेळापत्रकासारखं आयुष्य असणाऱ्याला यात विशेष वाटणार नाही. पण ज्याचा दिवस कित्येक वर्षं फक्त पुढच्या पुडीभोवती फिरत होता, त्याच्यासाठी रोज उठून एक फोन करणं हासुद्धा व्यायाम असतो.

न्यायालय भरण्यापूर्वी बंद दाराआड एक बैठक होते. न्यायाधीश, सरकारी वकील, बचावाचा वकील, प्रोबेशन अधिकारी आणि उपचार करणारे समुपदेशक एकत्र बसून एकेका माणसाचा आठवडा तपासतात. इथे दोन्ही बाजूंच्या वकिलांनी तलवारी म्यान केलेल्या असतात. उद्दिष्ट एकच, हा माणूस टिकला पाहिजे. ही गोष्ट ऐकायला फार छान वाटते. तिच्यात एक धोकाही दडलेला आहे, त्याच्याकडे पुढे यायचंच आहे.

घसरला तर? व्यसनाच्या उपचारात घसरण हा अपवाद नसतो, हे ड्रग कोर्टं गृहीत धरून चालतात. म्हणून तपासणीत नशा आढळली की लगेच हकालपट्टी होत नाही. शिक्षांची एक चढती शिडी असते: जाहीर कानउघाडणी, निबंध लिहिणं, दिवसभर न्यायालयात बसून राहणं, समाजसेवेचे तास आणि सगळ्यात वर थोड्या दिवसांची कोठडी. बक्षिसांचीही तशीच शिडी आहे. एका काचेच्या भांड्यात चिठ्ठ्या ठेवतात. नीट वागलेल्यानं हात घालून एक उचलायची. बऱ्याच चिठ्ठ्यांवर नुसतं 'शाब्बास' असतं, काहींवर लहानसं बक्षीस, एखादीवर मोठं. हे पोरखेळासारखं वाटतं खरं, पण त्यामागे नॅन्सी पेट्री या मानसशास्त्रज्ञ बाईंचं वर्षानुवर्षांचं काम आहे. अशा चिठ्ठ्यांमुळे रुग्ण उपचारात जास्त काळ टिकतात आणि जास्त दिवस नशेपासून दूर राहतात, हे त्यांनी चाचण्यांतून दाखवलं.

शिडीतला एक बारकावा मोलाचा आहे. नशा केली आणि येऊन खरं सांगितलं, तर चांगल्या न्यायालयांत उपचार वाढवतात. नशा केली आणि लपवली, तर शिक्षा वाढते. ज्याचं शरीर अजून नशेवर अवलंबून आहे त्याला 'उद्यापासून बंद' हे जमणारं नाही, पण वेळेवर हजर राहणं आणि खरं बोलणं आज जमू शकतं. म्हणून सुरुवातीला जाब विचारायचा तो आज जमण्यासारख्या गोष्टींचाच. घरात व्यसनी माणूस सांभाळलेल्या कुणालाही हे पटेल. पिण्याइतकाच, किंबहुना त्याहून जास्त त्रास थापांचा होतो.

दूरच्या मोठ्या शिक्षेपेक्षा जवळची लहान शिक्षा इथे का चालते, याचं उत्तर व्यसनाच्या स्वभावातच आहे. व्यसनात माणसाला उद्याची किंमत उरत नाही. 'पकडला गेलास तर पाच वर्षं' हे वाक्य त्याच्या कानांवर पडतं, पण आताच्या तलफेपुढे ती पाच वर्षं कुठल्या तरी परक्या माणसाची वाटतात. 'गुरुवारी न्यायाधीशबाईंसमोर उभं राहायचंय' हे वाक्य मात्र त्याच्याच आठवड्यातलं असतं.

आणि त्या भेटीला वेळ तरी किती लागतो? शॅनन कॅरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६९ ड्रग कोर्टांच्या कारभाराची तुलना करून २०१२ मध्ये निष्कर्ष मांडले. जिथे न्यायाधीश प्रत्येक माणसाशी सरासरी किमान ३ मिनिटं बोलत, तिथे पुन्हा गुन्हा करण्याचं प्रमाण स्पष्टपणे जास्त घटलेलं होतं. तीन मिनिटं. चहा उकळायलासुद्धा याहून जास्त वेळ लागतो.

एवढ्यानं खरंच फरक पडतो का, हा प्रश्न अमेरिकेत मनापासून विचारला गेला आहे, कारण पैसा सरकारी आहे. २०१२ मध्ये १५४ मूल्यमापनं एकत्र करून केलेल्या एका विश्लेषणाचा हिशोब असा: नेहमीच्या पद्धतीत १०० पैकी ५० जण पुन्हा गुन्ह्यात सापडत असतील, तर प्रौढांच्या ड्रग कोर्टातून गेलेल्यांपैकी साधारण ३८. अल्पवयीन मुलांच्या न्यायालयांत परिणाम बराच फिका होता. केंद्र सरकारनं करवून घेतलेल्या दुसऱ्या एका मोठ्या अभ्यासात २३ ड्रग कोर्टांतल्या लोकांची तुलना इतर ठिकाणच्या तशाच आरोपींशी केली गेली. दीड वर्षानंतर ड्रग कोर्टवाल्यांपैकी २९ टक्क्यांच्या लाळेत अमली पदार्थ सापडले, इतरांपैकी ४६ टक्क्यांच्या. या अभ्यासकांनी आणखी खोदून पाहिलं. कशामुळे फरक पडला? सगळ्यात ठळक धागा निघाला न्यायाधीशाविषयीच्या भावनेचा. आपल्याला न्यायानं वागवलं, आपलं ऐकून घेतलं, असं ज्यांना वाटलं ते जास्त सावरले.

पन्नासाचे अडतीस. याला जादू म्हणता येणार नाही, आणि निम्म्याच्या आसपास लोक कार्यक्रम पुराही करत नाहीत. पण गुन्हेगारीच्या क्षेत्रात एवढी घट देणारे उपाय फार नाहीत.

न्यूयॉर्क राज्यातल्या बफलो शहरानं या कल्पनेला दोनदा नवी वळणं दिली. तिथले न्यायाधीश रॉबर्ट रसेल यांच्यासमोर २००६ मध्ये व्हिएतनाम युद्धात लढलेला एक माणूस येत असे. मान खाली, खांदे पडलेले, कशालाच प्रतिसाद नाही. न्यायालयाच्या कामकाजाशी संबंधित दोघे माजी सैनिक तिथे होते. रसेलनी त्यांना सांगितलं, याला बाहेर न्या आणि जरा बोला. थोड्या वेळानं तो आत आला तो सैनिकासारखा ताठ उभा राहिला आणि म्हणाला, आता जास्त प्रयत्न करीन. २००८ मध्ये रसेलनी फक्त माजी सैनिकांसाठी वेगळं उपचार न्यायालय सुरू केलं, जिथे प्रत्येकाला एक माजी सैनिकच सोबती म्हणून मिळतो. आज अशी शेकडो न्यायालयं आहेत.

दुसरं वळण जास्त तातडीचं होतं. हेरॉइन आणि त्याहून कितीतरी तीव्र अशा फेंटॅनिलची लाट आली तेव्हा नेहमीचं ड्रग कोर्ट अपुरं पडू लागलं. कागदपत्रं, वकिलांची बोलणी, कबुली हे सगळं होईपर्यंत काही आठवडे जात, आणि तेवढ्यात आरोपी मरत. बफलोत एकाच आठवड्यात तीन आरोपी अतिसेवनानं दगावले. २०१७ मध्ये तिथे अशा अफूवर्गीय पदार्थांसाठीचं देशातलं पहिलं 'ओपिऑइड हस्तक्षेप न्यायालय' उभं राहिलं. इथे खटला बाजूला ठेवायचा, अटकेनंतर काही तासांतच उपचार सुरू करायचे आणि महिनाभर रोज न्यायाधीशांना तोंड दाखवायचं. माणूस जगला तर खटल्याचं पुढे बघता येईल, असं हे गणित. तिथले पहिले न्यायाधीश क्रेग हॅना तरुणपणी स्वतः नशेच्या फेऱ्यातून गेल्याचं उघडपणे सांगतात.

आता तो दडलेला धोका. बचावाचा वकीलही 'टीम'मध्ये जाऊन बसला की न्यायाधीशाला अडवणार कोण? जॉर्जिया राज्यातल्या ग्लिन परगण्याच्या ड्रग कोर्टावर २०११ मध्ये 'दिस अमेरिकन लाइफ' या रेडिओ कार्यक्रमानं प्रकाश टाकला. आईवडिलांच्या नावचे दोन खोटे चेक, तेही किरकोळ रकमेचे, वटवणारी एक तरुण मुलगी तिथे पाच वर्षांहून जास्त काळ अडकली होती. त्यातला वर्षापेक्षा जास्त काळ तिनं कोठडीत काढला. इतर कुठल्याही न्यायालयात हे प्रकरण केव्हाच मिटलं असतं. चौकशी सुरू झाली आणि तिथल्या न्यायाधीशबाई २०१२ च्या सुरुवातीला पायउतार झाल्या. एकाच खुर्चीतून शाबासकी आणि बेड्या निघतात तेव्हा खुर्चीवर कोण बसलंय यावर सगळं अवलंबून राहतं.

दुसरी तक्रार औषधांची. हेरॉइनसारख्या व्यसनात मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन दिल्यानं मृत्यूचं प्रमाण निम्म्यावर येतं, हे वैद्यकशास्त्रात पक्कं झालेलं आहे. तरी कित्येक न्यायाधीशांनी 'एक नशा सोडून दुसरी' म्हणत ही औषधं बंद करायला लावली. मधुमेहाच्या रुग्णाला इन्सुलिन सोडायला लावण्यासारखंच हे, आणि तेही पांढऱ्या कोटाऐवजी काळा झगा घालून. २०१५ मध्ये केंद्र सरकारनं सांगितलं, की अशी बंदी घालणाऱ्या न्यायालयांना केंद्राचा निधी मिळणार नाही. २०२२ मध्ये तर न्याय विभागानं पेनसिल्व्हेनियाच्या न्यायव्यवस्थेवर अपंग हक्क कायद्याखाली दावाच ठोकला.

तिसरी तक्रार निवडीची. हिंसक गुन्हा केलेल्यांना बहुतेक ठिकाणी दार बंद असतं. ज्यांचा विमा, घर, नोकरी बरी, ते सहज पार होतात. कृष्णवर्णीयांचं पार होण्याचं प्रमाण अनेक न्यायालयांत कमी भरलं आहे. शिवाय आधीच गुन्हा कबूल करून बसलेला माणूस मध्येच गळाला, तर साध्या खटल्यात झाली असती त्याहून मोठी शिक्षा त्याच्या पदरात पडू शकते. डेन्व्हरचे न्यायाधीश मॉरिस हॉफमन यांनी २००० मध्येच आणखी एक गोष्ट बोलून दाखवली होती. उपचाराची सोय आहे म्हटल्यावर पोलीस पूर्वी सोडून देत अशा माणसांनाही आत टाकू लागतात, आणि जाळं मोठं होतं.

पोर्तुगालनं २००१ पासून वेगळाच रस्ता धरला. दहा दिवसांच्या वापराइतका साठा जवळ बाळगणं हा तिथे फौजदारी गुन्हाच राहिला नाही. पकडलेला माणूस न्यायालयात जात नाही, तीन सदस्यांच्या एका आयोगासमोर जातो. तिथे झगा नसतो, कठडा नसतो. बेड्यांचा प्रश्नच येत नाही.

न्यूझीलंडनं न्यायालय ठेवलं, पण त्याची हवा बदलली. ऑकलंड भागात २०१२ मध्ये सुरू झालेल्या दारू आणि अमली पदार्थांच्या न्यायालयाला माओरी भाषेत 'ते व्हारे व्हाकापिकी वैरुआ' म्हणतात, म्हणजे आत्म्याला उभारी देणारं घर. तिथल्या टीममध्ये माओरी रीतिरिवाज जाणणारा सल्लागार असतो. दिवसाची सुरुवात माओरी प्रार्थनेनं होते आणि कार्यक्रम पार केलेल्या माणसासाठी हाका नाचला जातो. रग्बीच्या मैदानावर प्रतिस्पर्ध्याला धडकी भरवणारा हाका तो हाच.

आपल्याकडे 'ड्रग कोर्ट' म्हटलं की एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याखालचं, न्यायालय आठवतं. नावात साम्य असलं तरी जात वेगळी. १९८५ च्या या कायद्याखालची विशेष न्यायालयं खटले लवकर निकाली काढण्यासाठी आहेत, माणसाला वर्षभर भेटत राहण्यासाठी नाहीत. तरी खुद्द या कडक कायद्यातच दोन खिडक्या आहेत. कलम ३९ नुसार न्यायालय व्यसनी माणसाला लगेच शिक्षा न सुनावता, त्याच्या संमतीनं उपचाराला पाठवू शकतं. कलम ६४अ नुसार लहान प्रमाणातल्या गुन्ह्यात सापडलेला माणूस आपणहून उपचार घेऊ लागला तर त्याच्यावर खटला चालत नाही. मात्र उपचार पुरे केले नाहीत, तर ही सवलत काढून घेता येते.

उपचाराची परंपराही आपल्याकडे जुनी आहे. अनिल अवचटांनी गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या, व्यसनावर लिहिलं, त्याला पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांची साथ मिळाली, आणि १९८६ मध्ये पुण्यात डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकारानं 'मुक्तांगण' उभं राहिलं. ड्रग कोर्टात पंधरवड्याची हजेरी जे करते त्याच्या जवळचं काहीतरी मुक्तांगणचे फॉलोअप आणि अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या रोजच्या सभा इथे करत आल्या आहेत. 'परवा आला नाहीस, काय झालं?' असं विचारणारं माणूस तिथे असतं. आणि आपण स्वतः बाहेर पडून दुसऱ्याचा हात धरणारा जुना रुग्ण म्हणजे बफलोतला तो माजी सैनिक सोबतीच.

न्यायालय आणि उपचार या दोन गोष्टींची गाठ मात्र क्वचित पडते. विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी या संस्थेनं मुंबईतल्या दंडाधिकारी न्यायालयांत २०१७ आणि २०१८ मध्ये निकाली निघालेली अमली पदार्थ सेवनाची प्रकरणं तपासली. ती काही हजारांत होती. जवळपास प्रत्येकाचा साचा एकच निघाला. आरोपी उभा राहिला, गुन्हा कबूल केला, किरकोळ दंड भरला, फाइल मिटली आणि तो जिन्यावरून खाली उतरून गर्दीत मिसळला.